पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि आता गरम झाल्यावर गाडी बंद पडते: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन गाड्यांवरची ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी कुठे बघायचं ते कळतं. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये ते काम मॉड्यूल करतं. लक्षणं आधी देतो. तुमची गाडी यात बसत असेल तरच पुढचं वाचा.

लक्षणं

सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी सुरेख चालते. मग घाटात किंवा लांबलेल्या सिग्नलला इंजिन एकदम बंद पडतं, दिवा विझावा तसं. अर्धा तास बॉनेट उघडून थांबलं की पुन्हा चालू.

किंवा असं होतं: सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन पकडत नाही, आणि चावी सोडता सोडता नेमकं पकडतं.

किंवा चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की मिसिंग मारते आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात.

किंवा एक मॉड्यूल जळालं म्हणून नवं टाकलं आणि तेही काही महिन्यांत गेलं.

या चारही तक्रारींत मालकाचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं, "किट खराब निघालं." माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक गाड्यांमध्ये किट ठीक असतं. बिघाड त्याच्या आजूबाजूला असतो, म्हणजे अर्थ (करंटची बॅटरीकडे परतायची वाट), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी), वायरिंग नाहीतर डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या भागाचा) शाफ्ट. तो बिघाड आधीपासूनच होता, फक्त पॉइंट तो सोसून घेत होते. पॉइंट म्हणजे शेवटी धातूचे दोन तुकडे. एखादा व्होल्ट कमी मिळाला, अर्थ थोडा कच्चा असला, तरी ते उघडतात आणि मिटतात. मॉड्यूलमध्ये सेन्सर आणि ट्रान्झिस्टर असतात, आणि त्यांना पुरवठा स्वच्छ लागतो. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्यातल्या प्रत्येक वेळी मॉड्यूलला कॉइलचा करंट नेमका तोडावा लागतो.

इथे मी डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या लॉबवर (ज्या उंचवट्यांनी पॉइंट उघडायचे) चुंबकाची रिंग बसवून तिच्यासमोर सेन्सर लावणाऱ्या किटबद्दल लिहितो आहे, कारण आपल्याकडे हीच जास्त बसवली जातात. साधा मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), जुना पण चालू अवस्थेतला एक प्लग आणि हँडब्रेक घट्ट ओढलेली गाडी एवढ्यावर यातलं बहुतेक काम होतं.

१. आधी ठरवा: करंट गेला की पेट्रोल गेलं?

याला एक पैसा लागत नाही, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. पद्मिनीचा मेकॅनिकल फ्युएल पंप इंजिनला चिकटून असतो. उन्हाळ्यात त्यात पेट्रोलची वाफ अडकते. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठीच. वाफ अडकल्यावरही गाडी गरम असतानाच बंद पडते आणि अर्ध्या तासाने चालू होते. लक्षण तेच, आजार वेगळा.

म्हणून गाडी बंद पडली की लगेच, सगळं गरम असतानाच तपासा. एका सिलिंडरची प्लगवायर काढून जादा प्लगला लावा. प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला जंप केबलच्या चिमट्याने पक्कं धरून ठेवा, कार्ब्युरेटरपासून लांब. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टक् टक् आवाज करत निळी ठिणगी पडत असेल तर इग्निशनला हात लावू नका, पेट्रोलकडे वळा. ठिणगी नसेल किंवा पिवळी, मरतुकडी असेल, तर पुढे या.

पॉइंटच्या काळात मिस्त्री वायर हातात धरून करंट बघायचे. इलेक्ट्रॉनिक किटवर ते अजिबात करू नका, झटका जबर बसतो. वायर मोकळी लोंबकळत ठेवूनही सेल्फ मारू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो ताण कॉइलवर आणि मॉड्यूलवर येतो.

पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. आधी गळती शोधा.

२. बॅटरी, प्लगवायर, रोटर, कॅप

बॅटरीची टर्मिनल काढून घासा, घट्ट करा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा जाऊ नये. त्याखाली गेलं की बरीच मॉड्यूल काम करणं सोडतात आणि चावी सोडल्यावर व्होल्ट वर आले की इंजिन पकडतं. वर दिलेलं दुसरं लक्षण बऱ्याचदा एवढ्यातच मिटतं.

प्लगवायर कुठली आहे ते बघा. जुन्या गाड्यांत तांब्याच्या तारेची वायर असायची. पॉइंटला तिची अडचण नव्हती. पण त्या वायरमधून ठिणगीबरोबर रेडिओलहरींचा गोंधळ उठतो आणि काही सेन्सर त्याने फसतात, नको तिथे ठिणगी सोडतात. गाडीत रेडिओ असेल तर तो चालू करा. इंजिनच्या वेगाबरोबर खरखर वाढत असेल तर कार्बनच्या गाभ्याची, रोधक असलेली वायर घाला.

रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरून ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणारा तुकडा) मात्र बदलूनच बघा. स्वस्त रोटरच्या मधल्या रिव्हेटखाली प्लॅस्टिकचा थर पातळ असतो. जोरदार कॉइल लावल्यावर करंट तो थर भेदून थेट शाफ्टमध्ये उतरतो, आणि हे गरम झाल्यावरच होतं. रोटर उलटा करून आतल्या भागात सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो का ते उजेडात बघा. दिसला तर रोटर टाकून द्या. कॅपमधली मधली कार्बन कांडी स्प्रिंगवर आत-बाहेर होते का तेही बघा, आणि कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असेल तर तीच तडा समजा.

३. जोडणीतल्या चुका

डिस्ट्रिब्युटरवरचा जुना कंडेन्सर तसाच राहिला आहे का? तो काढायचा. पॉइंट जळू नयेत म्हणून तो होता, आता कॉइलच्या निगेटिव्हवर त्याचं काम नाही आणि तिथे राहिला तर ठिणगी मंदावते. कॉइलच्या पॉझिटिव्हवर रेडिओसाठी वेगळा कंडेन्सर असेल तर तो राहू दे.

बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलं आहे ते बघा. फियाट घराण्यातल्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरच्या आधीच्या मॉडेलमध्ये, पॉझिटिव्ह अर्थ असायचा. तशा गाडीला निगेटिव्ह अर्थचं किट जोडलं की ते चावी फिरवताक्षणी जातं. लाल-काळी वायर अदलाबदल झाली तरी तेच.

कॅप काढून आतल्या वायरी बघा. फिरत्या रिंगला एखादी वायर घासली असेल तर तिच्यावर चकाकणारा पट्टा पडलेला दिसतो.

४. कॉइलचा ओहम

दुसरं मॉड्यूल जळालं असं सांगणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे मोजावं. कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी सोडवा, मीटर सगळ्यात कमी ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा. दोन-तीन दशांश ओहम दिसतात, तो पिनांचा स्वतःचा रोध. कॉइलच्या आकड्यातून तेवढा वजा करा.

तीन ओहमच्या आसपास आलं तर बारा व्होल्टवर चार अँपिअर करंट जातो. चार सिलिंडरच्या बहुतेक साध्या किटना हेच झेपतं. दीड ओहम आलं तर ती कॉइल बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट कमी करणाऱ्या वेगळ्या रोधाबरोबर) वापरायची आहे. बॅलास्टशिवाय तिच्यातून आठ अँपिअर जातात, गाडी चालू असताना चौदा व्होल्टवर नऊच्या वर. दुप्पट करंट कापायचा म्हटल्यावर मॉड्यूल तापतं आणि एक दिवस जातं. दुकानदार "हाय पॉवर कॉइल आहे, पिकअप वाढेल" म्हणून ही कॉइल देतात, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहम चालेल ते छापलेलं असतं. कागद टाकून दिला असेल तर बनवणाऱ्याला विचारा, अंदाजाने कॉइल घेऊ नका.

इंजिन बंद आणि चावी चालू अशी गाडी ठेवायची नाही, रेडिओ ऐकायलासुद्धा नाही. पॉइंट असताना ते मिटलेले राहिले तर कॉइल तापायची. आता कॉइलबरोबर मॉड्यूलही तापतं.

५. मॉड्यूलपर्यंत पूर्ण बारा व्होल्ट पोचतात का?

चाळीस-पन्नास वर्षं जुन्या चावीच्या स्विचमध्ये आतली तांब्याची पट्टी झिजलेली असते. हेडलाइट आणि हॉर्नवर ते जाणवत नाही. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी मॉड्यूलच्या लाल वायरला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत काहीतरी कच्चं आहे.

खात्री करायची असेल तर कॉइलच्या पॉझिटिव्हवर चावीकडून येणारी मूळ वायर सुटी करून टेप गुंडाळा, मॉड्यूलची लाल वायर तिथेच राहू द्या, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दहा अँपिअरचा फ्यूज घातलेली तात्पुरती वायर त्या टर्मिनलला जोडा. कॉइल तीन ओहमची असेल तरच. आता गाडी चावीने बंद होणार नाही, ही वायर उपसल्यावर होईल. मदतनिसाला हे आधी सांगून ठेवा. अशी जोडल्यावर त्रास पूर्ण गेला, तर स्विच नाहीतर त्याकडून येणारी वायर बदला. हा प्रयोग गॅरेजमध्ये, रस्त्यावर अशी गाडी चालवू नका.

बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, चावीच्या बाजूला जोडा. बॅलास्टनंतर कॉइलला व्होल्ट कमीच मिळतात. कॉइलला ते चालतं, मॉड्यूलला नाही.

६. अर्थ, आणि ती छोटी वायर

इथे थोडं थांबतो, कारण "गरम झाल्यावर बंद" या तक्रारीत मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडला आहे.

मॉड्यूल जिथे बसतं ती प्लेट, म्हणजे जिच्यावर आधी पॉइंट होते ती, व्हॅक्यूमची डबी (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी) असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्थिर नसते. अँबेसेडरवरच्या ल्यूकस पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ती डबीच्या ओढीने थोडी फिरते. खालच्या प्लेटवर ती ग्रीसच्या थरावर सरकते, म्हणून त्या जागेतून अर्थ भरवशाचा मिळत नाही. त्यासाठी वरच्या प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत बोटभर लांबीची एक मऊ, गुंफलेली वायर असते, बहुधा कापडी आवरणाची. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना ती दर वेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून तिच्या तारा आतल्या आत तुटतात.

कराडकडच्या एका अँबेसेडरवर तिसरं मॉड्यूल बसवून झालं होतं. मी कॅप काढली, वायर शाबूत दिसत होती, कापडसुद्धा फाटलेलं नव्हतं. चिमट्याने हलकेच ओढली तर अर्धी वायर हातात आली. आत दोन-तीन तारा उरल्या होत्या, त्याही हिरव्या पडलेल्या. थंड असताना त्या एकमेकींना टेकायच्या, गरमीने आणि हादऱ्याने सुटायच्या. मॉड्यूलला कधी अर्थ, कधी नाही. दहा रुपयांची वायर घातल्यावर ती गाडी खंबाटकी चढून गेली, आणि काढून ठेवलेली आधीची दोन्ही मॉड्यूल टेस्ट केल्यावर चालू निघाली. त्या माणसाने दोन्हींचे पैसे उगाच घातले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोजायचं असं: इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या उघड्या धातूला लावा. दोन दशांश व्होल्टच्या वर आकडा गेला तर बॅटरी ते इंजिन या वाटेत दोष. नंतर इंजिन बंद करून, चावी काढून, कॅप उघडून ओहमवर मोजा: फिरत्या प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत. मोजताना प्लेट बोटाने हळूहळू फिरवत राहा. आकडा उड्या मारायला लागला की वायर गेली.

नवी वायर बारीक तारांची आणि मऊच हवी. जाड, ताठ वायर घातली तर प्लेट अडखळते आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स निकामी होतो. दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवा, वळणाला ढील ठेवा, रोटरला लागत नाही ना ते हाताने इंजिन फिरवून बघा.

हल्ली रिस्टोअर केलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. हौसेने इंजिन ब्लॉक, डिस्ट्रिब्युटर, ब्रॅकेट सगळं रंगवलेलं असतं. फोटोत गाडी छान दिसते, पण डिस्ट्रिब्युटर रंगावर बसल्यावर अर्थ कुठून मिळणार? बसायच्या जागेचा आणि क्लॅम्पच्या बोल्टखालचा रंग खरवडून काढा. मी तर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी वायर टाकतोच.

७. चार्जिंगचा व्होल्टेज

इंजिन साधारण दोन हजारवर धरून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान ठीक. डायनॅमो आणि जुन्या पद्धतीचा कटआउट (रेग्युलेटरची पेटी) असलेल्या गाडीत रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट चिकटले की हा आकडा पंधरा-सोळावर जातो. रात्री रेस केल्यावर हेडलाइट एकदम झगझगतात ते याचंच लक्षण. अशा गाडीत कितीही चांगलं मॉड्यूल टिकणार नाही. आकडा पंधराच्या वर दिसला तर इंजिन बंद करा. रेग्युलेटरची स्प्रिंग स्वतः वाकवत बसू नका, ते बेंचवर, मीटर लावून करायचं काम आहे.

८. रिंग, गॅप आणि शाफ्टचा प्ले

चुंबकाची रिंग लॉबवर पूर्ण खाली बसली आहे का, तडा आहे का, ते बघा. सेन्सर आणि रिंग यांतला गॅप किटच्या कागदाप्रमाणे ठेवा. त्यासाठी पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा गेज वापरा, लोखंडी गेज चुंबकाला चिकटतो आणि माप चुकतं.

आता शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवा. हाताला स्पष्ट टकटक जाणवली तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) झिजले. पॉइंट असतानाही या झिजेने डगमग व्हायची, पण गाडी कशीबशी चालायची. आता रिंग कधी सेन्सरजवळ जाते, कधी लांब. रिंगवर घासल्याची गोल रेघ असेल तर शंका उरत नाही. जोर दिल्यावरच्या मिसिंगचं कारण मला इथे बऱ्याचदा मिळालं आहे.

९. टायमिंग

किट बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. पॉइंट उघडायचा क्षण आणि सेन्सर कळवतो तो क्षण एक नसतो. टायमिंग मागे राहिलं तर इंजिन तापतं, आणि मालक इग्निशन गरम होतंय असं समजतो. टायमिंग लाइट लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. कानाने लावलेलं टायमिंग मी मानत नाही.

१०. शेवटी मॉड्यूल

वरचं सगळं नीट असेल तरच इकडे या. चावी काढा, कॅप उघडा, हेअर ड्रायरने मॉड्यूल चार-पाच मिनिटं गरम करा, बोट टेकवताना चटका बसेल एवढं. कॅप लावून सेल्फ मारा. ठिणगी नाही, आणि थंड झाल्यावर पुन्हा आली, तर मॉड्यूलच गेलं आहे. असं दोनदा करून बघा, मगच पैसे खर्च करा. जवळ पेट्रोलचं भांडं किंवा पेट्रोलने भिजलेलं फडकं नको, ड्रायरमध्ये तापलेली तार असते.

कुठे थांबायचं

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, वायरचं आवरण वितळलं आहे किंवा डॅशखालून जळका वास येतो: बॅटरीचं टर्मिनल काढा आणि गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या कापडी लूमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) गाडीत आग लागायला वेळ लागत नाही. शाफ्टचे बुश बदलायचे असतील तर लेथवाल्याकडे जा, नवं बुश रीमरने मापात आणावं लागतं, हातोडीने ठोकून बसवलेलं बुश शाफ्टला आवळतं. रेग्युलेटरबद्दल वर लिहिलंच आहे. टायमिंग लाइट कधी वापरली नसेल तर फिरत्या पंख्याजवळ पहिल्यांदा एकट्याने शिकू नका. आणि दोष सापडेपर्यंत गाडी द्रुतगती महामार्गावर नेऊ नका. मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडलेली गाडी बाजूला घेणं फार अवघड जातं.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना वरच्या चाचण्यांचे आकडे कागदावर लिहून न्या: कॉइलचे ओहम, सेल्फ फिरतानाचे व्होल्ट, अर्थवरचा फरक, चार्जिंग. हल्लीच्या बऱ्याच मुलांनी पॉइंटची गाडी उघडून पाहिलेली नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सीही राहिली नाही, तेव्हा रोज या गाड्यांवर हात असलेले मिस्त्री कमी होत जाणार. आकडे हातात असले की नवखा माणूससुद्धा योग्य जागी बघतो.

काढलेले पॉइंट फेकू नका. पॉइंट, कंडेन्सर, एक रोटर आणि फिलर गेज डब्यात घालून डिकीत ठेवा, डब्यावर पॉइंटचा गॅप लिहून चिकटवा. मॉड्यूल रस्त्यात खरोखर गेलं तर रिंग आणि सेन्सर काढून पॉइंट बसवायला सवयीच्या हाताला अर्धा तास पुरतो. नवे पॉइंट हवे असतील तर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा. घेताना टाच, म्हणजे पॉइंटचा लॉबवर घासणारा भाग, बोटाने घासून बघा. पांढरट, ठिसूळ प्लॅस्टिकची असेल तर ठेवून द्या, लॉबवर ती लवकर झिजते आणि गॅप मिटतो.